हयातीचा संदर्भ

'उद्या पाणी सकाळी सहा वाजता येईल' असं मी सोसायटीच्या फळ्यावर लिहिलं, की तासाभरात त्याखाली बारीक, वळणदार अक्षरात एक शब्द यायचा : 'संदर्भ?'

हे तळमजल्यावरचे अण्णा भोईर. मी सोसायटीची सेक्रेटरी. पाणी सोडणाऱ्या माणसाशी मी स्वतः फोनवर बोललेली असायची. पण अण्णांना ते चालत नसे. "फोनवर कोनी काहीही बोलतो, शैलाबाय. छापील काय आहे?" छापील काहीच नसायचं. वसईत पाण्याबद्दल छापील मिळतात ती फक्त आश्वासनं.

दुसऱ्या दिवशी सहाला पाणी यायचं. अण्णांच्याही नळाला यायचं. तरी ते प्रश्नचिन्ह पुसायचे नाहीत. नळाला आलेलं पाणी हा त्यांच्या लेखी पुरावा नव्हता, ते 'व्यक्तिगत निरीक्षण' होतं. आणि व्यक्तिगत निरीक्षण ज्ञानकोशात चालत नाही.

हा ज्ञानकोश म्हणजे इंटरनेटवरचा. कुणीही त्यात लिहावं आणि दुसऱ्या कुणीही ते खोडावं, अशी त्याची रचना आहे. मराठीत लिहिणारे बरेच आहेत, म्हणून खोडणाऱ्यांची गरज असते, आणि अण्णांनी निवृत्तीनंतर ही गरज एकट्यानं भागवायचं मनावर घेतलं होतं. तोपर्यंत ते सोसायटीच्या सभांना येत. ज्ञानकोश सापडल्यावर सभांना यायचे कमी झाले. त्यामुळे त्या ज्ञानकोशाबद्दल माझ्या मनात आजही कृतज्ञता आहे.

अण्णा वसईच्या कोर्टात बेलिफ होते. समन्स बजावायचं, माणूस सापडला नाही तर दोन पंचांसमोर दारावर नोटीस डकवायची आणि तसा अहवाल लिहायचा, ही नोकरी. त्या नोकरीनं त्यांना एक सवय लावली होती. दार तीनदा वाजवायचं आणि दोन पावलं मागं सरकायचं. आतून कोण काय घेऊन बाहेर येईल याचा नेम नसतो. आमच्याकडे विरजण मागायला आले तरी तीनदा वाजवून ते जिन्यापर्यंत मागं जायचे. मी दार उघडायची तर समोर कोणी नाही आणि लांबून आवाज, "चमचाभर पुरेल."

त्यांची एक गोष्ट आख्ख्या खाडीपट्ट्यात सांगतात. जमिनीच्या एका दाव्यात त्यांच्या सख्ख्या मेहुण्यावर समन्स निघालं. दुसरा बेलिफ रजेवर होता. अण्णा गेले, तीनदा दार वाजवलं, मागं सरकले. मेहुणा आत भाताच्या कणगीमागं बसलेला. त्याचं डोकं खिडकीतून दिसत होतं. अण्णांनी शेजारचे दोन पंच बोलावले, 'सदर इसम मिळून आला नाही' असं लिहिलं, दारावर नोटीस डकवली, पंचांच्या सह्या घेतल्या. मग घराला वळसा घालून मागच्या दारानं आत गेले, पाय धुतले आणि त्याच मेहुण्याच्या मांडीला मांडी लावून बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी जेवले. "सरकारी काम पुढच्या दारानं, नातं मागच्या दारानं," हे त्यांचं आवडतं वाक्य. दावा मेहुणा हरला. भाकरी चांगली होती, एवढंच अण्णा त्यावर सांगायचे.

ज्ञानकोशात त्यांना पुन्हा तीच नोकरी मिळाली. तिथं एखाद्या माणसावरची नोंद ठेवायच्या लायकीची नाही असं वाटलं, तर नोंदीच्या माथ्यावर नोटीस लावतात. मग आठवडाभर चर्चा चालते. कोणी 'ठेवा' म्हणतं, कोणी 'वगळा' म्हणतं, दोघांनाही कारण द्यावं लागतं. शेवटी तिथले प्रचालक निकाल देतात. माणूस किती चांगला, किती हुशार हे कोणी बघत नाही. त्याच्याशी काही घेणंदेणं, तिथल्या भाषेत हितसंबंध, नसलेल्या कोणी त्याच्याबद्दल छापलंय का, एवढंच बघतात. याला तिथं उल्लेखनीयता म्हणतात. अण्णांना हा शब्द इतका आवडला होता की बाजारातली वांगीसुद्धा ते 'उल्लेखनीय नाहीत' म्हणून परत ठेवायचे.

एकदा त्यांनी आमच्या भागातल्या एका भाऊंच्या नोंदीला नोटीस लावली. भाऊंनी आयुष्यात वाढदिवस सोडून काही साजरं केलेलं नव्हतं, आणि वाढदिवसाला ते रक्तदान शिबिर घ्यायचे, त्यात रक्त इतरांचं असायचं. नोटीस लागल्याबरोबर भाऊंच्या माणसांनी वर्तमानपत्रांच्या कात्रणांचा ढीग ओतला. ब्लँकेटवाटप, वह्यावाटप, छत्रीवाटप. नोंद राहिली.

"अण्णा, त्या माणसानं केलंय काय?" मी विचारलं.

"छापून आनलंय," अण्णा म्हणाले. "नियमात बसतोय. मी नोटीस मागं घेतली."

त्यांना वाईट वाटलं होतं असं मला वाटत नाही. नियमात बसणाऱ्या माणसाबद्दल वाईट वाटून घेण्याची त्यांना सवय नव्हती.

अण्णांचा एकुलता एक मुलगा निलेश. सॉफ्टवेअर डेव्हलपर. म्हणजे दुपारी बारापर्यंत झोपायचा, रात्रभर खिडकीत उजेड ठेवायचा, मोटरसायकल दुसऱ्याच्या जागेत लावायचा आणि विचारलं तर कानातली बोंडं काढून "काय?" म्हणायचा. हा मुलगा मोठा गुणी होता असं मी आता लिहिणार नाही. पण त्यानं एक काम केलं होतं. अण्णांची बोटं कोर्टातल्या जुन्या टंकलेखनावर बसलेली. त्या पद्धतीनं टाइप केलेलं मराठी इंटरनेटवर टाकलं की कोंबडीनं पाय उमटवल्यासारखं दिसायचं. बापाची रोजची कटकट बंद व्हावी म्हणून निलेशनं एक प्रोग्रॅम लिहिला. जुन्या फाँटमधला मजकूर एका चौकटीत टाकायचा, बटण दाबायचं, दुसऱ्या चौकटीतून सरळ वाचता येईल असं मराठी बाहेर पडतं. तो त्यानं फुकट सगळ्यांसाठी ठेवून दिला. हळूहळू कचेऱ्या, छापखाने, शाळा, वर्तमानपत्रं, सगळे तो वापरायला लागले. सातिवलीला माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा गाळा आहे. खोक्यांवर मराठी मजकूर छापणारा माझा माणूससुद्धा तोच वापरतो. कोणी लिहिलाय हे त्याला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. ज्यांच्या पानावर निलेशबद्दल कधी एक ओळ आली नाही, त्या वर्तमानपत्रांच्या ओळी रोज निलेशच्या बटणातून बाहेर पडत होत्या.

मग निलेशला परदेशी जायची लहर आली. अंधेरीच्या कुठल्याशा एजंटानं त्याला सांगितलं, विशेष गुणवत्तेच्या माणसांसाठी वेगळा व्हिसा असतो, पण तुमची गुणवत्ता जगाला ठाऊक आहे याचा पुरावा लागेल. ज्ञानकोशात तुमच्या नावाची नोंद असली तर काम सोपं होईल. निलेशच्या कंपनीतल्या मित्रानं दोन दिवसांत नोंद लिहून टाकली. 'निलेश पुरुषोत्तम भोईर हे मराठी सॉफ्टवेअर डेव्हलपर आहेत.' खाली प्रोग्रॅमची माहिती आणि फोटो. फोटोत निलेश आंघोळ केलेला दिसत होता.

अण्णा रोज सकाळच्या चहाबरोबर ज्ञानकोशातल्या नव्या नोंदी तपासायचे. त्या दिवशी त्यांनी चहा संपवला, चष्मा पुसला आणि मुलाच्या नोंदीला नोटीस लावली. खाली लिहिलं, 'सदर व्यक्ती माझा मुलगा आहे. त्यामुळे मी कोणतेही मत देणार नाही. स्वतंत्र छापील संदर्भ आढळत नाही, एवढेच निदर्शनास आणतो.' हे त्यांनी नेहमीप्रमाणे जुन्या पद्धतीनं टाइप केलं आणि निलेशच्याच प्रोग्रॅममधून काढलं. मग निलेशच्या खोलीचं दार तीनदा वाजवून ते दोन पावलं मागं सरकले.

"निलेश, तुला नोटीस बजावली आहे. आठवडा आहे."

पुढचं सगळ्या बिल्डिंगनं ऐकलं, कारण अण्णांची खिडकी पार्किंगात उघडते आणि त्यांच्या बायकोचा, मंदाकाकूंचा, आवाज खिडकी बंद असली तरी पोचतो.

"जगात दुसरा कोन गावला नाय तुम्हाला? पोटच्या पोराला नोटीस?"

"पोटचा आहे म्हनून सोडू? मग मेहुन्याला कशाला लावली होती?"

"माझ्या भावाचं नाव काढू नका! मला कलतं सगलं. पोरगा जाऊ नये म्हनून चाललंय तुमचं. एकटं राहायची भीती वाटते, ती सांगा ना सरल. नियम कसले दाखवता?"

अण्णांनी त्यावर संदर्भ मागितला नाही. हे विशेष होतं, कारण मंदाकाकूंनी तो दिलेला नव्हता.

त्या आठवड्यात अण्णा घरात कमी आणि बाहेर जास्त होते. मी गाळ्यावर जाताना ते मला वसईच्या वाचनालयाच्या पायरीवर दिसले, मांडीवर जुन्या साप्ताहिकांचा गठ्ठा आणि हातात फूटपट्टी. वाचताना ओळ चुकू नये म्हणून ते ओळीखाली पट्टी धरायचे. निलेशचं नाव कुठं छापून आलंय का ते शोधत होते. पुढच्या दारावर नोटीस डकवून मागच्या दारानं आत शिरायची ही त्यांची जुनीच रीत. फक्त या वेळी आत भाकरी नव्हती. सापडलं एवढंच की दहावीला चांगले गुण मिळाले म्हणून समाजाच्या त्रैमासिकात निलेशचा फोटो आला होता.

"मग टाका ना तो संदर्भ," मी म्हटलं.

"त्या पानाची जाहिरात मीच दिली होती," अण्णा म्हणाले आणि पट्टी पिशवीत ठेवली.

इकडे आमच्या चेअरमननी, सायमन अंकलनी, प्रश्न हाती घेतला. सायमन अंकल जहाजावरून निवृत्त झालेले, त्यामुळे बिल्डिंग बुडतेय असं त्यांना नेहमीच वाटतं. चर्चेत 'ठेवा' आणि 'वगळा' असं लिहितात हे त्यांना कळलं आणि त्यांनी त्याचा अर्थ निवडणूक असा लावला. "अरे, पोरगा आपला आहे ना? मग व्होट टाका सगळ्यांनी. आपल्या वॉर्डात एवढे व्होट कोणाच्या बापाला पडत नाहीत." रविवारी सकाळी चर्चमधून परत आल्यावर त्यांनी सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर सुरू केला आणि एकेकाला बसवून ज्ञानकोशात नाव नोंदवून दिलं. बाहेर रांग लागली. चहा फिरला. वयस्कर मंडळींना आधी सोडण्यात आलं. सगळं अगदी मतदानाच्या दिवसासारखं झालं, फक्त बोटाला शाई तेवढी लावली नाही.

कारण द्यायचं असतं, म्हणून प्रत्येकानं कारण दिलं. 'ठेवा. मुलगा निर्व्यसनी आहे.' 'ठेवा. आमचा प्रिंटर यानेच दुरुस्त केला.' 'ठेवा. आई-वडील चांगले आहेत, विशेषतः आई.' 'ठेवा. लहानपणी याला मी खेळवलेले आहे.' आणि एक, 'वगळा. गाडी माझ्या जागेत लावतो.' हे शेवटचं मी लिहिलं नव्हतं. पण लिहिणाऱ्याशी मी सहमत होते.

अण्णांना हे संध्याकाळी कळलं. तोपर्यंत दूर कुठंतरी बसलेल्या एका प्रचालकानं हिशेब मांडला होता : एका सकाळी, एकाच इंटरनेट जोडणीवरून, एकापाठोपाठ एक नवी नावं, सगळ्यांचा एकच सूर. अशा नावांना तिथं बाहुल्या म्हणतात. एकच माणूस अनेक नावं घेऊन आपल्याच बाजूनं बोलतो, तशा. आता बाहुल्या नाचवणारा कोण, ते शोधायचं. अण्णांची खिडकी ऑफिसच्या भिंतीला लागून, आणि सोसायटीचे ठराव तेच टाइप करून देत असल्यामुळे कमिटीनं त्यांना ऑफिसचं वायफाय वापरायची परवानगी दिलेली होती. त्या जोडणीवरचं सर्वांत जुनं नाव अण्णांचं. शिवाय बाप. प्रचालकाला यापेक्षा सोपी केस मिळाली नसेल. सगळ्यांची नावं कायमची बंद झाली आणि अण्णांवर तीन महिन्यांची बंदी आली, मुलाची नोंद वाचवण्यासाठी बाहुल्या नाचवल्याबद्दल. ज्या नोंदीला त्यांनीच नोटीस लावली होती, तिच्यासाठी.

सायमन अंकल धावत खाली आले. "अण्णा, सॉरी हां, पण त्यांना सांगा ना, आम्ही सगळे वेगळे वेगळे आहोत!"

अण्णा पडद्यासमोर उभ्यानं आदेश वाचत होते. वळून न बघता म्हणाले, "संदर्भ?"

त्यांनी दाद मागितली नाही. "बाहेरून बघनाऱ्याला हेच दिसनार. आदेश बरोबर आहे," म्हणाले. त्या तीन महिन्यांत ते रोज सकाळी नेहमीच्या वेळी कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून फक्त वाचायचे. चुका दिसायच्या. बोट उठायचं आणि परत मांडीवर यायचं. मी पार्किंगातून जाताना बघायची. पिंजऱ्यातला वाघ मी पाहिलेला नाही, पण निवृत्त बेलिफ पाहिलाय.

निलेशची नोंद अर्थातच गेली. निकाल एका ओळीचा होता : 'स्वतंत्र संदर्भ नाहीत. वगळले.' भाऊंची नोंद आजही आहे. त्यात आता छत्रीवाटपाचा फोटो आलाय.

नंतर एजंट म्हणाला, नोंद लागतेच असं काही नाही, असली तर बरी दिसते इतकंच. मग निलेशच्या कंपनीनंच त्याला नेहमीच्या मार्गानं ऑस्ट्रेलियाला पाठवायचं ठरवलं. बाप-लेकांत त्या काळात बोलणं जेवणापुरतं होतं, तेही मंदाकाकूंमार्फत.

तो निघाला त्या दिवशी टॅक्सी आत घ्यायला मी गेट उघडून उभी होते. बॅगा चढल्या. निलेशनं कानातली बोंडं काढून खिशात टाकली. हे मी पहिल्यांदाच बघत होते.

"पप्पा, एक विचारू? नियम बाजूला ठेवून. मी आहे का त्या लायकीचा?"

"माझं मत धरता येत नाही," अण्णा म्हणाले.

"इथं कोन धरतंय? नुसतं विचारतोय."

अण्णांनी डिकीतल्या बॅगेकडे बोट दाखवलं. "चेन नीट लाव. अर्धी उघडी आहे."

टॅक्सी गेली. मंदाकाकू आत गेल्या आणि भांडी घासायला लागल्या. घासलेलीच भांडी होती. अण्णा गेटपाशी उभे राहिले.

"शैलाबाय," ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "त्यानं तो प्रोग्रॅम लिहिला तेव्हापासून मी लिहिलेला प्रत्येक शब्द त्याच्यातून गेलाय. त्याची नोटीससुद्धा."

"मग हे त्याला सांगायचं होतं की मघाशी."

"हितसंबंध," अण्णा म्हणाले आणि गेटची कडी लावायला मला मदत करू लागले. तिला दोन माणसं लागत नाहीत.

निलेश देशात होता तोवर कोणत्याही वर्तमानपत्राला त्याच्याबद्दल छापण्याजोगं काही आढळलं नव्हतं. तो देशाबाहेर पडल्यावर ताबडतोब आढळलं. त्याच्या प्रोग्रॅमला तिकडं कसलंसं पारितोषिक मिळालं आणि इथं बातमी आली, 'वसईच्या सुपुत्राचा सातासमुद्रापार झेंडा'. एकात आली म्हणून दुसऱ्यात आली, दुसऱ्यात आली म्हणून तिसऱ्यात. आता तो उल्लेखनीय झाला. कोणा अनोळखी मुलीनं, जिनं कधी वसई पाहिली नसेल, त्याची नोंद नव्यानं लिहिली. नियमाप्रमाणे, एकेका वाक्याला संदर्भ देऊन.

त्या सकाळी माझं दार तीनदा वाजलं. उघडलं तर अण्णा जिन्याच्या तोंडाशी.

"शैलाबाय, मी मेलो."

"कधी?"

"निलेश लहान असताना."

मी चष्मा लावून मोबाइलवर वाचलं. 'वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. आईने कष्टाने वाढवले.' पुढं संदर्भाचा आकडा, आणि आकड्यामागं त्या बातम्यांतली एक, 'दिवंगत वडिलांचे स्वप्न साकार'. वार्ताहराची चूक म्हणता येणार नाही. सुपुत्रांच्या बातमीत वडील एक तर रिक्षा चालवतात, नाही तर दिवंगत असतात. अण्णा रिक्षा चालवत नव्हते.

"मग बदला," मी म्हटलं. "तुमची बंदी उठून किती दिवस झाले."

"मी बाप. मला नोंदीत हात घालता येत नाही. नोंदीमागच्या चर्चापानावर लिहिलंय मी." त्यांनी दाखवलं. 'सदर व्यक्तीचे वडील हयात आहेत.' खाली त्या मुलीचं उत्तर, 'आपण कोण? संदर्भ?' त्यावर अण्णांचं, 'मीच ते.' आणि तिचं, 'क्षमस्व. स्वतःविषयी स्वतः दिलेली माहिती छापील संदर्भाविरुद्ध ग्राह्य धरता येत नाही.'

मला वाटलं म्हातारा चिडला असेल. तर चेहरा असा, की जणू आपल्या शिकवणीतला विद्यार्थी पहिला आलाय.

"बरोबर लिहिलंय पोरीनं. मी असतो तर हेच लिहिलं असतं."

"तुम्ही आहात, अण्णा."

"नोंदीप्रमाने नाही."

"दोन मिनिटांत मी बदलते. माझं काय जातं?"

"तू शेजारी. हितसंबंध आला. आणि ह्या बिल्डिंगनं मागच्या खेपेला लावलेले दिवे पुरे आहेत."

खालून मंदाकाकूंचा आवाज आला, "मेलात ना? मग माझं कुंकू कोनाच्या नावाचं, ते विचारा त्या पोरीला!"

अण्णांनी रीतसर मार्ग धरला. ज्या वर्तमानपत्रानं त्यांना मारलं होतं, त्याला खुलासा पाठवला. तो छापला गेला नाही. जिवंत माणूस ही काही बातमी नाही. पुन्हा पाठवला. तेव्हा कार्यालयातून फोन आला की निधनाच्या जाहिरातीचे दर वेगळे आहेत.

यातून एक गोष्ट मात्र झाली. निलेशचा फोन आला. तोही म्हणाला, मी बदलतो. "तू तर नोंदीचा विषय. तू तर हात लावायचा नाही," अण्णांनी बजावलं. पलीकडून हसण्याचा आवाज आला, इतका मोठा की पार्किंगात मला ऐकू आला. त्यानंतर तो दर रविवारी फोन करायला लागला. "काय पप्पा, हयात का?" अण्णा उत्तर द्यायचे, "संदर्भ नाही." मग हवा, जेवण, मंदाकाकूंचे गुडघे. आयुष्यात दोघं एवढं कधी बोलले नसतील. अण्णा जिवंत असेपर्यंत जमलं नव्हतं, ते मेल्यावर जमलं.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचं दाखवावं लागतं. हयातीचा दाखला. तो दिला नाही तर सरकार माणूस मेला असं समजून पेन्शन थांबवतं. मी सातिवलीला निघाले होते, म्हणून अण्णांना स्कूटरवर मागं बसवून बँकेपाशी नेलं. नवा अर्धा शर्ट, खिशाला दोन पेनं. मशीननं त्यांचा अंगठा एकदा नाकारला, मग परत नाकारला. टेबलावरची मुलगी म्हणाली, "आजोबा, हात पुसून घ्या." अण्णांनी रुमालानं अंगठा पुसला, श्वास धरला आणि दाबला. मशीननं हिरवा दिवा लावला. निर्दोष सुटलेली माणसं त्यांनी आयुष्यभर कोर्टात पाहिली होती, पण तसा चेहरा स्वतःला करायची वेळ बहुधा पहिलीच.

"झालं," बाहेर पायरीवर मी म्हटलं. "सरकारनं लिहून दिलं. आता टाका हे तिथं."

"अप्रकाशित प्राथमिक दस्तऐवज," अण्णा म्हणाले. "नाही चालत. पन एक कर. फोटो काढ. निलेशला पाठव."

ते बँकेच्या पाटीखाली ताठ उभे राहिले आणि तो कागद दोन्ही हातांनी छातीशी धरला, पोलीस ठाण्यात फोटोसाठी आरोपी पाटी धरतात तसा. मी फोटो काढून पाठवला. ऑस्ट्रेलियात दुपार असावी. लगेच उत्तर आलं. मी वाचून दाखवलं : 'प्राथमिक स्रोत. ग्राह्य नाही. पण पप्पा, शर्ट उल्लेखनीय आहे.'

अण्णा हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, मग खोकत, मग कठड्याला धरून. पेन्शनची रांग वळून बघायला लागली. मला गाळ्यावर उशीर होत होता. मी त्यांना रिक्षात बसवलं. रिक्षा वळेपर्यंत मागच्या काचेतून त्यांचे खांदे हलताना दिसत होते.

पुढच्या आठवड्यात ते झोपेतच गेले. निलेश पोचला. ज्ञातीच्या पद्धतीनं सगळं झालं. दोन दिवसांनी इथल्या एका वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. कोणी पाठवल्या नव्हत्या. कोर्टात बातम्यांसाठी बसणाऱ्या एका वार्ताहरानं आपणहून लिहिल्या होत्या. 'वसई न्यायालयातील निवृत्त बेलिफ पुरुषोत्तम भोईर यांचे निधन. त्यांच्या पश्चात पत्नी व सॉफ्टवेअर डेव्हलपर मुलगा निलेश असा परिवार आहे.'

मी ते पुन्हा वाचलं. स्वतंत्र, त्रयस्थ, छापील. अण्णा भोईर गेल्या आठवड्यापर्यंत जिवंत होते, याचा पहिला ग्राह्य पुरावा.

त्या रविवारी मी ज्ञानकोशात नाव नोंदवलं, घरच्या जोडणीवरून. 'लहानपणीच' ते वाक्य काढलं, तिथं खरं लिहिलं आणि चार ओळींचा संदर्भ दिला. तासाभरात त्याच मुलीचा प्रश्न आला : 'बदल योग्य वाटतो. परंतु सदर व्यक्तीशी वा कुटुंबाशी आपला काही हितसंबंध आहे का?'

खालच्या खिडकीत कॉम्प्युटरवर मंदाकाकूंनी कापड टाकून ठेवलं होतं. मी लिहिलं, 'आता नाही.'